मिटलेल्या तोंडाचे फोटो

सात वर्षं मी दर दिवाळीला भिकनआजोबांचा एकच फोटो काढत आले. पाचोडजवळचा मेंढवाडा आणि पुढच्या दगडावर बसलेले आजोबा. म्हातारपण कसं येतं, ते मला दाखवायचं होतं. उद्या बाबा त्यांना कायमचं शहरात आमच्या घरी, पुंडलिकनगरला, नेणार होते. म्हणून सातही फोटो मी त्यांच्यापुढं मांडले.

"यात वय कुठं हाय?" ते म्हणाले. "समद्यात तोंड मिटलेलंच."

मला राग आला. सात वर्षांची मेहनत होती माझी.

त्यांनी जवळची मेंढी धरली आणि अंगठ्यानं तिचा खालचा ओठ ओढला. दात पार झिजले होते. "वय इथं बघावं, दिपाली. दात गेले की चरता येत नाय. मग तिला बाजार दाखवायचा."

मेंढी सोडून ते दगडावर बसले आणि कॅमेऱ्यापुढं तोंड उघडलं. दोनच दात उरले होते. मी फोटो काढला.

"आणि माणसाचे गेले तर?" मी हसत विचारलं.

आजोबा हसले नाहीत.

"त्याला पुंडलिकनगर."