तीन वर्षे पाठ झालेला तक्ता

मी एक जुना तक्ता आहे, डोळे तपासायचा. वर एक भलेमोठे अक्षर, खाली दोन, मग तीन, मग चार, आणि तळाला मुंगीएवढी रांग. मित्रांनो, गोड बोलणे माझ्या स्वभावात नाही. ज्याला दिसत नाही त्याला तोंडावर 'दिसत नाही' सांगायचे, हेच माझे काम. देवाने एवढे एकच काम दिले आणि तेसुद्धा मी तीन वर्षे खोटे केले. त्याचीच ही कथा.

एका मोठ्या शहरातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. पाठीला जाड कापड, वर-खाली लाकडी पट्ट्या, दोन्ही पट्ट्यांना दोऱ्या. छापणारा म्हणाला होता, "चांगला दहा वर्षं टिकेल." स्तुती ऐकली ती तेवढीच, म्हणून लक्षात आहे.

मग दूर समुद्रातल्या एका बेटावर निघालेल्या सेवाभावी मंडळींनी मला घेतले. ते वर्षातून एकदा दहा दिवस यायचे. गोळ्या, थेंब, वह्या, खडू, आणि प्रमुखांच्या गळ्यात कॅमेरा. बेटावर शाळेची एकच खोली होती. पत्र्याचे छप्पर, खिडकीच्या काचेवर मिठाचा पांढरा थर. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वर्षी हात जोडून सांगितले, "आम्हाला फळा द्या. होता तो कुजला."

प्रमुख म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की!" आणि निघताना बॅगेत जागा नव्हती म्हणून मलाच भिंतीवर ठेवून गेले. "अक्षरंच आहेत ना? चालवून घ्या."

बाईंनी चालवून घेतले. दुसरे काय करणार? रोज सकाळी माझ्यासमोर मुले बसवायच्या आणि टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्यायच्या: र! ग म! प ट न! च ल द स! थेट तळापर्यंत. भजनासारखी चाल होती, मलाही आवडायची. खोटे कशाला बोलू? त्या आवडण्यातच माझे पाप आहे.

कारण खिडकीखालच्या उतारावर एक नाव ओढून ठेवलेली असे, आणि तिच्या फटी बुजवत एक म्हातारा बसलेला असे. त्याला सगळे सुकाणूतात्या म्हणायचे. बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला माणसे नेणारा तोच एक. मधे खडकांची रांग आहे, पाण्याच्या एक हात खाली. तात्या कधी शाळेत गेला नव्हता. पण हात कामात आणि कान खिडकीत. पाठ झाले.

दुसऱ्या वर्षी मंडळी आली. तात्या स्टुलावर बसला, एका डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि माझ्या सगळ्या रांगा खणखणीत म्हणून दाखवल्या. लोकांना ती तपासणी म्हणजे परीक्षाच वाटे. नापास झाला की त्याची नाव काढून घेणार, अशी बेटावर बोलवा होती. प्रमुखांनी तात्याचा फोटो काढला आणि कागदावर लिहिले: नजर उत्तम, शिवाय उतारवयात साक्षर! एका दगडात दोन पक्षी. तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षी तेच. मी भिंतीवरून बघत होतो. तात्याची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या बाजूच्या खुंटीवर होती. पण तक्त्याला तोंड असते तर काय हवे होते!

पाचव्या वर्षी प्रमुख आले नाहीत, एक नवी डॉक्टरीण मंडळींना घेऊन आली. तोवर खाऱ्या हवेने माझी वरची दोरी तुटली होती. खिळा धरतो का पाहावे म्हणून तिने मला खालच्या दोरीने लटकवले, डोके खाली, पाय वर, आणि बॅगेत सुतळी शोधायला वळली. दारात निम्मे बेट जमले होते. तात्या कधी कुणासाठी थांबला आहे? स्टुलावर बसला, पुठ्ठा धरला.

"आटपा बाई, भरती थांबत नाही," म्हणाला आणि सुरू झाला. र! ग म! प ट न! दारातली पोरे ठेक्यात टाळ्या वाजवू लागली. एकेक टाळी गळत गेली. तात्या एकटाच तळापर्यंत पोचला.

डॉक्टरीण हळूच म्हणाली, "तात्या, पुन्हा एकदा म्हणता?"

"का? माझे डोळे तपासायच्या आधी तुमचे कान तपासून घ्या!"

कुणीच हसले नाही. एक पोरगी म्हणाली, "पण तक्ता तर उलटा आहे."

तात्याने पुठ्ठा भिरकावला. "डाव टाकलात माझ्यावर! तीन वर्षं तुम्हीच पास केलंत, आणि आता नापास? नाव हवी आहे का माझी?"

"डाव नाही हो, दोरी तुटली होती..."

"दहा दिवस यायचं, फोटो काढायचे, आणि आमच्या म्हाताऱ्यांची शोभा करायची!" दारातून एक मावशी ओरडली.

डॉक्टरीण बाईंकडे वळली. "तुम्ही हा तक्ता मुलांकडून पाठ करून घेतलात?"

"मग काय करू? मासे वाचायला देऊ?" बाई कडाडल्या. "फळा मागितला होता. चार वर्षं झाली. हे लोढणं तुम्हीच माझ्या गळ्यात बांधून गेलात."

लोढणे म्हणजे मी. ऐकून घेतले.

तेवढ्यात तात्याची सून पुढे आली. कडेवर लेक होती. "मामंजी, परवा नाव खडकाला घासली तेव्हा धुकं नव्हतं."

"घरात बोल हे."

"घरात तुम्ही ऐकलं असतं? मी होते नावेत. ही मांडीवर होती. खडक मला दिसत होता. तुम्हाला नाही."

तात्या उठला, दाराच्या चौकटीला खांदा आपटून बाहेर गेला.

नंतरचे दोन दिवस वाईट गेले. शिबिराकडे कुत्रेही फिरकले नाही. थेंबांच्या बाटल्या तशाच. मंडळींना परत जायचे तर नाव नाही. विचारायला गेले तर उत्तर मिळाले, "चालत जा. तुम्ही देवमाणसं ना!" बाईंनी मात्र कुणाशी न बोलता माझ्या वरच्या पट्टीला नवी दोरी ओवली आणि मला सुलटा टांगला. टाका घालताना सुई अशी टोचत होत्या, की राग कुणावर आहे ते मला कळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या आला. स्टुलावर बसला नाही. चालत चालत माझ्यापर्यंत आला, इतका जवळ की त्याचा श्वास माझ्या कापडाला लागला. बोट उचलले, पण ठेवायचे कुठे ते कळेना.

"बाई," तो म्हणाला, "ह्यातला र कुठला?"

बाईंनी त्याचे बोट धरून वर नेले आणि अक्षराच्या वळणावरून फिरवले. तात्या बराच वेळ फिरवत राहिला.

"एवढा मोठा?" तो म्हणाला. "आणि हा मला तिकडून दिसत नव्हता?"

मग मान न वळवता डॉक्टरणीला म्हणाला, "लिहा. नाही दिसत."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया पलीकडच्या किनाऱ्यावरच होणार होती. निघताना सुकाणू सुनेने धरले आणि तात्या पुढे बसून गुरगुरला, "डावीकडे घे. आता सरळ. खडक तरी मला पाठ आहेत."

"पाठ राहू द्या, मामंजी. मी बघते."

हे मी डॉक्टरणीच्या बॅगेतून ऐकले. तिने मला परत नेले. फळा पाठवते म्हणाली. पोचला की नाही, मला ठाऊक नाही. 'पुढच्या वेळी नक्की' हे मी पूर्वीही ऐकले आहे.

आता मी एका कपाटात गुंडाळून पडलो आहे. मित्रांनो, कुणाला काही द्यायचे असेल तर त्याने मागितले ते द्या, तुमच्या बॅगेत मावले नाही ते नको. आणि कधी माझ्यासमोर बसलात, तर मला पाठ करून येऊ नका. देवापुढे आणि माझ्यापुढे पाठांतर चालत नाही. दिसत नसेल तर नाही म्हणा. तेवढे म्हणायला तात्याला तीन वर्षे लागली, आणि वीस फुटांचे अंतर चालून यावे लागले.