पाटावर बसलेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. तोंड वाकडं करू नका. तुमच्यापैकी किती जणांची हळदकुंकू वाहून पूजा झाली आहे? माझी झाली आहे. आणि त्या पूजेपायी एका चांगल्या खेळाडूचं इथलं बस्तान उठायची वेळ आली होती.

माझा जन्म जपानमधला. कातडं कांगारूचं, त्यामुळे उडी वडिलोपार्जित. (हे उल्काआजींना कळू देऊ नका; त्या पुढे भेटतीलच.) माझी मालकीण कोतोए, फुटबॉलच्या मधल्या फळीतली. मधल्या फळीचं जिणं मधल्या सुनेसारखं असतं. मागच्यांचं निस्तरायचं, पुढच्यांना वाढायचं आणि फोटो मात्र गोल करणारीचा. तिकडे नाव कमावल्यावर तिला नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराच्या एका क्लबनं बोलावलं, तेव्हा ती मला पिशवीत घालून इकडे आली.

मित्रांनो, इथला आमचा दरारा काय सांगू! एकदा मी असा पास दिला, की शिपोल विमानतळावर उतरणारं विमान तो पाहायला एक चक्कर जास्त मारून गेलं. खोटं वाटत असेल तर माझ्या जुळ्या भावाला, उजव्याला विचारा. तो कधीच नाही म्हणत नाही. त्याची जीभ फाटलेली आहे.

प्रत्येक सामन्यानंतर कोतोए जुन्या टूथब्रशनं आम्हाला घासायची आणि चक्क वाकून आमचे आभार मानायची. हार्लेमजवळच्या नीउ-व्हेनेप गावात तिच्या शेजारी गुरुनाथ आणि नीरजा राहत. त्यांच्या जुईनं हे पाहिलं आणि आम्हाला घासायचं काम हट्टानं स्वतःकडे घेतलं.

मग कोतोएचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. मी बाल्कनीत पडलो आणि एका कोळ्यानं माझ्यात संसार थाटला. ती बरी होऊन परतली तेव्हा तिच्या जागी दुसरीच पळत होती. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "शनिवारी अर्धा तास देते. पाय चालला तर करार वाढेल, नाही तर घरी जा." डच माणसं गोड घालतात ते सकाळच्या पावावर, बोलण्यात नाही. कोतोएनं नवे बूट घालून पाहिले, तर त्यांनी दोन दिवसांत टाचा सोलल्या. आता सगळी भिस्त माझ्यावर होती!

नेमकी त्या शनिवारी खंडेनवमी आली. पुण्याहून आलेल्या उल्काआजींनी, म्हणजे गुरुनाथच्या आईंनी, पाट मांडला. गुरुनाथनं लॅपटॉप ठेवला, नीरजानं ड्रिल मशीन. जुईनं आम्हाला घासूनपुसून आणलं आणि लॅपटॉपच्या शेजारी बसवलं.

"अगं, वहाणा पाटावर?" आजी किंचाळल्या.

"आजी, हे तिचं वर्क आहे. बाबांचा लॅपटॉप चालतो, मग हे व्हाय नॉट?"

"आई, भरतानं पादुका थेट सिंहासनावर ठेवल्या होत्या," गुरुनाथ म्हणाला.

"त्या रामाच्या होत्या!"

"राम कधी मिडफिल्ड खेळला का?" जुईनं विचारलं.

आजींना हसू आवरेना. त्यांनी आमच्या नाकाला हळद लावली, कुंकू लावलं, वर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. लॅपटॉपचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं!

इतक्यात कोतोए बूट न्यायला आली. गुरुनाथनं हात पुढे केला, तर आजींनी त्यावर चापट मारली. "पुजलेलं हत्यार दशमी लागेपर्यंत हलवायचं नाही. कॅलेंडरात बघ. दशमी तीनला."

"आई, दीडला मॅच आहे! आत्ता इथे पावणेबारा होतायत."

"मग शास्त्र मी केलंय का?"

नीरजानं कोतोएला इंग्रजीत सगळं समजावलं. वाटलं, ती मला उचलून पळेल. कसली पळते! तिनं आमच्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, आणि दुखरा गुडघा सांभाळत पाटासमोर बसून वाकली. "आजी-सान परवानगी देतील तेव्हाच," ती म्हणाली. मी मनात ओरडलो, "बाई, उचल गं!" पण बुटाचं कोण ऐकतं? जुई मात्र रडायला लागली.

नातीचं रडं पाहून आजी अस्वस्थ झाल्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम उठल्या. "अगंबाई, तीन वाजून गेले की!"

"आई, तुझं घड्याळ पुण्याच्या वेळेवर आहे. कितीदा सांगितलं, बदल," गुरुनाथ वैतागला.

"आणि भिंतीवरचं कॅलेंडर कुठे छापलंय? हार्लेमला? पुण्याचे तीन वाजले म्हणजे दशमी लागली! रोज पुण्याच्या टीमशी मीटिंगा करतोस ना रे?"

गुरुनाथ गाडीची किल्ली शोधू लागला. आजींनी आमच्यावर अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि मला स्वतःच्या हातांनी कोतोएच्या ओंजळीत दिलं. "दशमीला सीमोल्लंघन करायचं असतं. जा, वेस ओलांड. आणि कुंकू पुसू नकोस."

वेस ओलांडून आम्ही हार्लेमला पोचलो. कोतोए मैदानात उतरली आणि भुरभुर पाऊस लागला. कुंकू ओघळलं. पंच बाईंनी शिट्टी फुंकली. "रक्त! बाहेर जा!" अर्ध्या तासातली मोलाची मिनिटं चालली होती. जुई रेषेवरून डचमध्ये ओरडली, "रक्त नाही, आजीनं लावलंय!" पंच बाईंनी बोट लावून वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि कोतोएला आत सोडलं.

पुढचं मी फुगवून सांगणार नाही. तीन प्रतिस्पर्धी, एक फट आणि माझा एक पास. गोल दुसरीनं केला, फोटो तिचाच आला. पण प्रशिक्षक बाईंनी कोतोएचा चेहरा नाही, पाय पाहिला. करार वाढला.

आता तिच्या पायांत नवे बूट आहेत आणि मी जुईकडे दाराशी असतो. मित्रांनो, जो तुम्हाला पळवतो त्याचा चिखल त्याच दिवशी धुवा, एवढंच माझं मागणं. पुण्याला परतताना आजींनी बजावून ठेवलंय, "बुटानं दारातच राहायचं. पण वर्षातून एकदा पाटावर." दाराशी पडून मी त्याच दिवसाची वाट पाहतो. आजी फोनवर असतील. त्यांचं घड्याळ अजून पुण्याच्याच वेळेवर आहे, म्हणजे बरोबर आहे.