देवमनच्या पोटातली चिठ्ठीवाली

मी देवमनच्या पोटातली एक पेशी बोलतेय. इकडंतिकडं पाहू नका, मी दिसायची नाही. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव आडवा पडलेला असतो, त्याच्या शेपटाकडच्या एका इवल्याशा बेटावर माझं घर आहे. डॉक्टर लोक मला बीटा पेशी म्हणतात. मला डोळे नाहीत. पण पोटात राहणाऱ्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते रक्त येऊन सांगतं.

वयानं मी देवमनपेक्षा थोडी मोठीच. तो आपल्या आईच्या, गोजराबाईच्या पोटात होता तेव्हाच आम्ही बहिणी कामाला लागलो होतो. काम एकच. रक्ताची चव घ्यायची आणि साखर वाढली की चिठ्ठी सोडायची. या चिठ्ठीला तुम्ही इन्सुलिन म्हणता. ती रक्तातून वाहत मांडीच्या, दंडाच्या पेशींच्या दाराशी जाते आणि कडी वाजवते. आत काही ती जात नाही, उंबऱ्याबाहेरच थांबते. आतला एक निरोप्या कडी ऐकतो, तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळ्यात शेवटचा जाऊन साखरेसाठी दार उघडतो. पंगतीत एकानं मीठ मागितलं की हाक तोंडोतोंडी वाढप्यापर्यंत पोचते ना, तस्संच. मधल्या एकानं जरी कानाडोळा केला, तरी पान अळणीच राहतं.

देवमन वाशिमकडच्या मेडशीचा. तरणा होता तेव्हा दिवसभर वखरामागं चालायचा. चालणाऱ्या मांडीची एक गंमत आहे, ती माझ्या चिठ्ठीसाठी अडून बसत नाही. स्नायू राबू लागला की त्याचं मागचं दार आतूनच उघडतं आणि साखर गुपचूप आत जाते. त्या दिवसांत मी अर्धा वेळ पाय पसरून बसलेली असायचे.

मग मोटारसायकल आली. घरापासून पानठेला दोनशे पावलांवर, तर साहेब तेवढ्यासाठीही किक मारू लागले. पोट सुटलं. चहा मात्र होता तेवढाच राहिला, म्हणजे दिवसाला सात कप, आणि वऱ्हाडातला चहा म्हणजे चमचा उभा राहील असा. आता घडीघडी कडी वाजायला लागल्यावर घरातली माणसं उठेनाशी होतात. मांडीची दारं बहिरी झाली. मी एकीच्या जागी चार चिठ्ठ्या सोडू लागले. माझ्या कितीतरी बहिणी राबून राबून संपल्या. शेजारची जागा रिकामी जाणवली की अजूनही गलबलून येतं.

दोन वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर झालं आणि देवमनची शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. त्या त्यानं ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवल्या, आणि त्याची बायको भागिरथा सोडली तर कोणालाच सांगितलं नाही. कारण लेक साक्षी लग्नाला आली होती.

"लोकं म्हणतीन खानदानातच शुगर हाय," तो भागिरथाला म्हणाला, "मंग पोरीले कोण करीन? लगन होईस्तोर तोंडातून शब्द काढू नोको."

साक्षीचं जमलं, अनसिंगच्या बबनरावांच्या शिवमशी. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली आणि देवमन पत्रिका वाटायला निघाला. इथं माझी खरी शंभरी भरली.

पत्रिका काही दारात उभ्यानं देता येत नाही. बसावं लागतं, आणि बसलं की चहा येतो. नाही म्हणायची सोय नाही, कारण शेजारच्या घरी प्यायलेला चहा इकडं कपाच्या आवाजावरून कळतो. रिठदला एका गल्लीत अकरा घरं होती. देवमन प्रत्येक घरी म्हणायचा, "अर्धाच टाका."

"अर्धा कायले?" चंपाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या आत्यानं विचारलं. "वच्छलाच्या घरी बशी भरून चाहा पेला म्हणे. आमच्या चाह्यात काय माती हाय काय?"

मग आत्यानं अर्धा टाकला, तो संपला तसा दुसरा अर्धा टाकला. अर्ध्याअर्ध्याचा हिशेब देवमनच्या लेखी शून्य होता. मी आत चिठ्ठ्या फेकत होते, दारं बंद, आणि रक्त गुळाच्या पाकासारखं दाट होऊन माझ्यावरून वाहत होतं. त्या अकरा घरांत मला जेवढ्या शिव्या आठवल्या तेवढ्या उभ्या जन्मात आठवल्या नव्हत्या.

एवढं होऊनही मी सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात सोयाबीन कापलेल्या वावरातून जाताना त्याच्या चपलेतून धसकट आरपार गेलं आणि अंगठ्याच्या बुडाशी मोडून रुतलं. कापल्या झाडाचा तो खुंट म्हणजे खिळाच. देवमनला काहीच कळलं नाही. दुखण्याचा निरोप पायाकडून डोक्याकडं नेणाऱ्या नसा साखरेत भिजून भिजून मुक्या झाल्या होत्या. तो धसकट पायात घेऊन चार दिवस पत्रिका वाटत फिरला. मला रक्तातून पू आल्याची बातमी लागली होती. मी ओरडत होते, पण माझं ऐकतो कोण?

पाचव्या दिवशी साक्षी अंगण झाडत होती. तिला ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले, एकाच पायाचे.

"बाबा, पाय पाहा आपला!"

"काय झालं त्याले? दुखून तं नाही राह्यला."

वाशिमच्या डॉक्टरांनी धसकट काढलं आणि जखम आतपर्यंत तपासली. मग म्हणाले, "अंगठा वाचतो का बघू. आठ दिवस उशिरा आला असता, तर पाऊल काढायची बोलणी करावी लागली असती."

घरी आल्यावर डबीचं गुपित फुटलंच. साक्षी आधी रडली, मग भडकली.

"माह्या लगनासाठी पाय देऊन राह्यले होते काय तुमी? हुंडा नाही घेतला त्याहीनं, मंग पाय कायले?"

"बाई, इवायाले, बबनरावाले समजलं तं..."

"समजू द्या! लपवून लगन नाही करायचं मले. आन व्याहीभेटीत पेढा खाल्ला तं पाह्यजा. मी तशीच मांडवातून उठून जाईन."

डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. बाहेरून, बाटलीतून आलेल्या चिठ्ठ्या! आधी मला राग आला, की इतकी वर्षं राबले त्याचं हेच का फळ. पण दोन दिवसांत पाठ मोकळी झाली आणि मी निमूट त्या परक्या पोरींना वाट करून दिली. साखर उतरली, पू आटून जखम ताजी लाल दिसू लागली. अंगठा वाचला.

लग्नाचा दिवस उजाडला. देवमन पट्टी बांधलेल्या पायानं लंगडत मांडवभर फिरला, पण बबनरावांना सांगायचं त्याला काही जमलं नाही. आणि व्याहीभेटीची वेळ आली. दोन्हीकडची माणसं कडं करून उभी. बँड वाजतोय. दोघं व्याही गळ्यात गळा घालून भेटले, हार झाले. आता दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा.

बबनरावांचा पेढा देवमनच्या ओठांशी आला. रक्तातून भीतीचा असा लोंढा आला की माझं काम जागच्या जागी थांबलं. मी म्हटलं, गेलो आपण आता. खाल्ला तर लेक उठते, नाही खाल्ला तर व्याही उठतो.

देवमननं तोंड बाजूला केलं. कड्यातून कुजबुज उठली. बँडवाल्याचाही सूर लटपटला.

"इवाई," देवमन म्हणाला, "रागाऊ नोका. मले शुगर हाय. दोन वर्षं झाले. पोरीचं लगन मोडीन म्हून लपोलं. आता तुमी काय म्हणान ते."

बबनरावांनी देवमनच्या हातातल्या पेढ्याकडं पाहिलं, जो त्यांच्याच मिशांना टेकला होता.

"मंग हा माह्या तोंडात कायले कोंबून राह्यले?" ते म्हणाले. "मले सा वर्षं झाले!"

मांडवात जो हशा पिकला तो शेवटच्या पंगतीपर्यंत गेला. शिवमची आजी कस्तुराबाई तिथूनच ओरडली, "अगा, मले बी हाय! मले कोणी इचारतच नाही!" आचाऱ्याला दुसरं आधण ठेवावं लागलं, फिक्या चहाचं. त्या पातेल्यापुढची रांग गोड चहाच्या रांगेहून लांब झाली म्हणतात. निम्मं गणगोत त्या रांगेत एकमेकांची तोंडं पाहत उभं होतं.

आता जखम भरलीय. डॉक्टरांनी हो म्हटल्यापासून देवमन जाड तळव्याचे बूट घालून वावरात पायीच जातो, आणि संध्याकाळी भागिरथा त्याचे तळवे उलटसुलट करून पाहते. मोटारसायकलवर कोंबड्या बसतात. मांडीची दारं पहिल्या कडीला उघडतात असं नाही, पण दुसरीला उघडतात. माझ्या गेलेल्या बहिणी काही परत यायच्या नाहीत. आम्ही निम्म्याच उरलो आहोत, आणि उरलेल्या दमल्या आहोत.

तुमच्याही पोटात माझ्या बहिणी आहेत. त्या ओरडत नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललंय असं धरू नका. तपासून घ्या, चार पावलं चाला, आणि काही निघालंच तर डबीत लपवू नका.

बाकी माझं मागणं नाही. परवा साक्षी माहेरी आली होती, सकाळपासून तिला मळमळत होतं, आणि भागिरथाचा आवाज एकदम हळू झाला. मला काय कळायचं ते कळलं. बारशाला देवमनला कोणी पेढा दिला तर त्याला अडवू नका. अर्धा द्या. तेवढ्यापुरती एक चिठ्ठी मी राखून ठेवलीय.