डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी एका आईने मिठाच्या बरणीत हात घातला आणि मी तिच्या मुठीत आलो. तिथून हे सगळं सुरू झालं.

मी बोलतोय, मिठाच्या खड्यातला एक जिवाणू. खड्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचा बारीकसा थेंब अडकलेला असतो, तेच माझं घर.

जन्म मिठागरातला. ऊन तिथलं पाणी पिऊन टाकायचं. उरायचं ते इतकं खारट की मासा टाकला तर तडफडून मरावा. मीठ दुसऱ्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं ना! आमच्या पूर्वजांनी त्यावर तोड काढली. बाहेर क्षार आहेत, तर आपल्या आतही तितकेच क्षार भरून ठेवायचे. ओढाताणच मिटली. उन्हाने भाजू नये म्हणून अंगाला लाल रंग. आम्ही वाढलो की पाणी गुलाबी दिसायचं. मजूर म्हणायचे, "पाणी लाजलं रे, आता मीठ धरणार."

पण गोड्या पाण्यात आम्ही टिकत नाही. ते आत घुसतं आणि आम्ही फुटतो. म्हणून मुठीतून पाण्याच्या वाटीत पडताना मी सगळ्यांचा निरोप घेतला.

घरात सात महिन्यांची मुलगी आजारी होती. सकाळपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. बाप दवाखान्यात न्यायला गाडी शोधत होता. मीठ-साखरेचं पाणी द्यायचं असतं एवढं आईला आठवत होतं, प्रमाण आठवेना. "एवढं अंगातून गेलंय, मीठही तेवढंच घालायला हवं," असं पुटपुटत तिने वाटीत मूठ रिकामी केली होती.

मी फुटायची वाट बघत राहिलो. फुटलो नाही. उलट बरं वाटायला लागलं, अगदी घरी आल्यासारखं. आणि मला धसकाच बसला. जे पाणी मला मानवतं, ते या बाळाच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेणार! त्या जिवाला आमची तोड कुठे ठाऊक?

मी ओरडलो. पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

चमचा ओठाला टेकणार, इतक्यात आईची मोठी जाऊ आत आली. "थांब गं, आधी मला बघू दे." बोट बुडवून तिने जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, पोरीचं लोणचं घालतेस काय?"

"मला काही सुचत नाही हो, ताई. कमी पडलं आणि हिला काही झालं तर?"

"जास्त झालं तर होईल. रडू नकोस, ऐक. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घे. साखर सहा चमचे. मीठ कुटून अर्धा चमचा. चहाचा छोटा चमचा, तोही सपाट. आणि पाजायच्या आधी स्वतः चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर सरळ ओतून द्यायचं."

आईने ओठांवर ओघळलेलं स्वतःचंच पाणी चाखलं, मग नव्या पाण्याचा थेंब. मान हलवली.

माझी भावंडं त्या नव्या पाण्यात गेली. एकही वाचलं नाही. रडावं की हसावं, कळेना. ती फुटली, म्हणजे पाणी बरोबर जमलं होतं. चमचा चमचा पाजतच दोघी बाळाला घेऊन गाडीत बसल्या.

पहिली खारट वाटी ओतून देताना मी सांडून ओट्याच्या कडेला पडलो आणि तिथेच वाळून पुन्हा खडा झालो. घर सुनं होतं.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. आत येताच पोरीने भोकाड पसरलं. आईने तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि ओरडली, "ताई, पाणी आलं! डोळ्यांत पाणी आलं हिच्या!" आणि ते बोट तिने जिभेला लावलं.

आता ती ओलं फडकं घेऊन ओटा पुसत माझ्याकडेच येते आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक सांगतो. बाळाला जुलाब लागले तर दवाखाना गाठा, वाटेतही पाजत राहा, पण आधी चाखा. ज्या पाण्यात मी जगेन, ते बाळाला देऊ नका. शेजारणीला एवढं सांगा, आणि तिला म्हणावं, पुढच्या घरी तू सांग.