एकतीस वर्षं फक्त पुढे

मिसुरी नदी आदल्या दिवशीच मागे पडली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता एका लांब चढावर गेला आणि समोर, गवताळ माळाच्या पार टोकाला, बिगहॉर्न डोंगरांची निळी रेघ उठली. मार्लिस ऑस्टबीने स्टेअरिंगवर तळहात आपटला.

"व्हर्लिन, डोंगर. दिसले का?"

"ढग वाटतायत," शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणाला. तो सूर्यफुलाच्या बिया चावून टरफलं कागदी पेल्यात टाकत होता. "पण माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस. तू म्हणतेस तर डोंगर."

मागच्या सीटवर लेफ्सा आणि टेटर या दोन कुत्र्यांनी एकाच काचेला नाकं लावली होती. लेफ्सा मोठी, शांत, झुबकेदार शेपटीची. टेटर आखूड पायांचा आणि लांब जिभेचा. पिकअपच्या मागे चोवीस फुटी ट्रेलर होता: दोघांपुरता पलंग, शेगडी, बेसिन, आणि कुत्र्यांनी आपलाच समजून टाकलेला सोफा. मिनेसोटातल्या घरापासून ओरेगॉनच्या समुद्रापर्यंत अठराशे मैल. त्यातले नऊशे झाले होते आणि मार्लिसला भूक, झोप, पाठदुखी यातलं काहीच जाणवत नव्हतं. दर तासाला तिला नव्याने उकळी फुटत होती.

आठ वर्षं हा ट्रेलर व्हर्लिनने ओढला, तोही घरापासून दोन तासांवरच्या तळ्यांपर्यंतच. समुद्राचा बेत मार्लिसचा. वसंतात व्हर्लिनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा तो म्हणाला, संपलं. ती म्हणाली, मी चालवते.

पुढे चालवण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, बर्फात, धुक्यात, साठ पोरांच्या कालव्यात. पण शाळेच्या बसवाल्यांना पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात: बस मागे घ्यायची नाही. मागे मूल असतं आणि ते आरशात दिसत नाही. मार्लिसने आपला सगळा मार्ग असा आखला होता की एकतीस वर्षांत रिव्हर्स गिअरला तिचा हात क्वचितच लागला. पुढे ती सवय अंगात मुरली. वाणसामानाच्या दुकानापाशीसुद्धा समोरून बाहेर पडता येईल अशीच जागा मिळेपर्यंत ती घिरट्या घालायची.

म्हणून व्हर्लिनने एकच अट घातली होती. "ज्या दिवशी ट्रेलर मागे घ्यायची वेळ येईल आणि तुला जमणार नाही, त्या दिवशी तोंड घराकडे. घाटात अडकून पडण्यापेक्षा ते बरं."

"कबूल," ती म्हणाली होती, आणि मग दोन आठवडे फोनला चिकटून तिने अकरा मुक्काम ठरवले. सगळ्या जागा अशा, की एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं.

डोंगराच्या पायथ्याशी, तिसऱ्या मुक्कामी, ट्रेलरतळाच्या कचेरीतल्या बाईने वही उलटसुलट केली.

"तुमच्या जागेत एक बसगाडी बंद पडलीय हो. सोमवारी मेकॅनिक येणार. चौदा नंबर रिकामा आहे, पण तिथे ट्रेलर मागे घेतच शिरावं लागतं."

"दुसरीकडे कुठे?"

"घाटापलीकडे, नव्वद मैल. आज वारा असा आहे की मी माझी सायकलही नेली नसती."

बाहेर येताना व्हर्लिनने आलेल्या रस्त्याकडे मागे वळून पाहिलं.

चौदा नंबर म्हणजे डावीकडे कॉटनवुडचं जुनं झाड, उजवीकडे विजेचा खांब आणि मधे खडीची एक चिंचोळी पट्टी. मार्लिसने ट्रेलर पट्टीच्या पुढे नेऊन उभा केला आणि रिव्हर्स टाकला. टेटर लगेच भुंकायला लागला. त्याच्या उभ्या आयुष्यात मार्लिस कधी मागे गेली नव्हती. त्याचं ऐकून लेफ्साने सूर लावला. झाली दवंडी.

अशा तळांवर नवा ट्रेलर मागे येऊ लागला की लोक घडीच्या खुर्च्या त्या दिशेला वळवून बसतात. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही, कारण कालच ते स्वतः तमाशा झालेले असतात. पाच मिनिटांत सात खुर्च्या लागल्या. सगळ्यात पुढे टेक्ससचा क्लीट नावाचा आडवातिडवा गृहस्थ होता, मांडीवर मक्याच्या लाह्या घेऊन.

"चाक उजवीकडे, बाई," क्लीट म्हणाला.

"डावीकडे," मागून व्हर्लिन ओरडला.

"आधी उजवीकडे, मग डावीकडे," आणखी कुणी.

"स्टेअरिंग खालून धरा. हात जिकडे, ट्रेलर तिकडे," क्लीटची बायको म्हणाली.

ट्रेलर खांबाकडे गेला. तिने पुढे घेतला. दुसऱ्यांदा तो इतका मुडपला की पिकअप आणि ट्रेलर एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्यांदा झाडाकडे. टेटरचा घसा बसत आला होता, पण त्याने सोडलं नाही.

व्हर्लिन खिडकीशी आला. "मार्लिस, क्लीट ट्रेलर आत घालून देतो म्हणतोय."

"त्याने घातला तर ते मोजायचं?"

व्हर्लिनने टोपी काढून पुन्हा घातली. "नाही."

"मग त्याला लाह्या खाऊ दे."

"अगं, मलाही पुढे जायचंय. नऊशे मैल मी ढगांना डोंगर म्हणत आलोय. पण उद्या घाटात अशी वेळ आली तर तिथे खुर्च्या नसतील, कडा असेल."

त्याचं खोटं नव्हतं. मार्लिसने समोर पाहिलं. रस्ता डोंगराकडे सरळ जात होता, आणि त्या बाजूने तिला कोणीही अडवलं नसतं. अडचण मागे होती, आणि मागे आठ माणसं आणि दोन कुत्री एकाच वेळी बोलत होती.

रोज सकाळी रेल्वे फाटकापाशी ती बस थांबवायची, खिडकी आणि दार उघडायची आणि गाडी येते का ते ऐकायची. त्या अर्ध्या मिनिटात साठ पोरं श्वाससुद्धा जपून घ्यायची. धाकाने नव्हे, तिच्या त्या एका शांत आवाजाने.

तिने खिडकी पूर्ण खाली केली, दार उघडलं.

"सगळ्यांनी तोंडं बंद," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मला ऐकायचंय. व्हर्लिन, तूसुद्धा. टेटर, बस."

टेटर बसला. क्लीटचा लाह्यांकडे गेलेला हात तिथेच थांबला. कुणाच्या तरी रेडिओवरचं गाणं पटकन बंद झालं.

मग मार्लिस उतरली. ट्रेलरला पूर्ण फेरी मारली, खांबापर्यंतची पावलं मोजली, झाडाची खालची फांदी हाताने वाकवून पाहिली. बसजवळ मूल नाही ना हे बघायला ती रोज अशीच फिरायची. परत चढली, हात स्टेअरिंगच्या खाली धरला आणि एक वीत मागे आली. थांबली. ऐकलं. डाव्या चाकाखाली खडी करकरत होती, उजव्याखाली नुसतं गवत. म्हणजे उजवं चाक पट्टीबाहेर. ती पुढे आली, हात दोन बोटं डावीकडे सरकवला, पुन्हा मागे. आता दोन्हीकडे खडी वाजली.

वर पत्र्यावर काहीतरी खरवडलं. थांबली, उतरली, पाहिलं: डहाळी, फांदी नव्हे. चढली. तिला कोणतीही घाई नव्हती. हात जिकडे, ट्रेलर तिकडे. ते चोवीस फुटी धूड तिचं ऐकत होतं. वीत वीत करत खांब आरशात आला, आरशातून गेला, आणि मागची चाकं पट्टीच्या टोकाला आडव्या टाकलेल्या लाकडी ओंडक्याला टेकून हलकेच थांबली.

व्हर्लिन ट्रेलरच्या मागे गेला, एका डोळ्यावर हात ठेवून दोन्ही बाजू पाहिल्या आणि खिडकीशी आला.

"आता बोललं तर चालेल?" क्लीटने शाळेतल्यासारखा हात वर करून विचारलं.

"बोला."

"अर्धा हात वाकडा आहे, बाई."

"वाकडा तर वाकडा," व्हर्लिन त्याच्यावर खेकसला. मग मार्लिसकडे वळून म्हणाला, "घाट सकाळी लवकर चढू. वारा पडलेला असतो. समुद्राला कधी पोचायचं म्हणालीस, गुरुवारी?"

"बुधवारी," मार्लिस म्हणाली. तिने दार ओढून घेतलं आणि पिकअप पुढच्या गिअरमध्ये टाकली. ट्रेलर निमूट खडीवरून रस्त्यावर निघाला.

"अगं, आता कुठे निघालीस?"

"कुठे नाही. पुन्हा एकदा करते."

क्लीटने लाह्या खाली ठेवल्या, खुर्ची दोन हात पुढे ओढली आणि बायकोला तोंडावर बोट ठेवून दाखवलं.