चार किलो तेज

माझ्या मुलीचं, मीनाचं लग्न झालं ते साल १९८१, महिना मे. तिची पाठवणी होऊन आठवडा झाला नव्हता, तोच भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या मैदानावर, दुसरा मांडव पडला. गर्दी आमच्या मांडवापेक्षा दुप्पट. पहिल्या पाळीवरून सुटलेले सायकली धरून उभे, दुसऱ्या पाळीला जाणारे डबे धरून उभे. मधोमध धान्याच्या दुकानातला मोठा काटा आणि त्याच्या शेजारी पाटावर वज्रदेह बाबा.

"बच्चा, अन्न ही बंधन है!" बाबा गरजत. "दाल छोड, दूध छोड, अंडे को तो छूना भी मत. मुठ्ठीभर चना, मेरा नमकीन प्रसाद और ये भस्म. इक्कीस दिन में देह वज्र!"

बाबांच्या स्वतःच्या पोटाने हे ऐकलं नसावं. ते मांडीवर निवांत बसलेलं असे.

त्यांच्या पायाशी माझा भाचा प्रकाश. जुलैत कारखान्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. पहिल्या नंबराला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळायची, आणि पुढच्या वर्षी प्रकाशचं वय उलटणार होतं. घरात विधवा आई. त्याला ही नोकरी हवीच होती.

मी कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. शेजारच्या क्वार्टरमधल्या नलिनी सिस्टरने त्याला आहार ठरवून दिला होता: सकाळी अंडी, दुपारी दोन वाट्या वरण आणि उसळ, व्यायामानंतर दूध, मूठभर शेंगदाणे, रात्री पोटभर पोळीभाजी आणि आठ तास झोप. शिजवायचो मी.

"मामा, यात महिन्याला अर्धा किलो चढतं," प्रकाश कुरकुरला. "बाबा एकवीस दिवसांत देतात."

"बाबा देतात ते ठीक. पण देतात काय?" मी विचारलं.

"पाठककाकांनी पास केलंय!"

विश्वनाथराव पाठक तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं यंत्रांचे भाग मोजले; केसभर चुकलेला भाग पुढे जाऊ दिला नाही. आमच्या टाउनशिपची श्रद्धा देवावर बेताची आणि मापावर फार. पाठकांची सही म्हणजे माल पास. दिवाळीपासून भस्म घेऊन त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते, म्हणून त्यांनीच बाबांना भोपाळला आणलं होतं. आता ते चष्मा लावून रोज एकेका शिष्याला काट्यावर चढवत आणि वहीत सही करत.

एकविसाव्या दिवशी प्रकाश काट्यावर चढला.

"सत्तावन्नचा एकसष्ट! चार किलो! पास!" पाठक ओरडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "देखो, चेहरे पे तेज देखो!" बाबा म्हणाले. तेज होतंच. प्रकाशचा चेहरा तळलेल्या पुरीसारखा टम्म आणि गोल झाला होता.

नलिनी ड्यूटीवरून तशीच आली होती. ती पुढे गेली. "प्रकाश, पायजमा वर कर."

तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला. लोक वाकले. खड्डा तसाच.

"कणकेत बोट घातल्यासारखं झालं की!" कुणीतरी म्हणालं.

"स्नायू असे दबून राहत नाहीत. हे साठलेलं पाणी आहे," नलिनी म्हणाली. "पाठककाका, वजन घेतलंत. दंड मोजलात का?"

पाठकांनी खिशातली मोजायची फीत काढली. सवयच ती. दंड भरला बारा इंच.

"आधी पावणेतेरा होता," प्रकाश पुटपुटला.

"बेटी, शंका करेगी तो श्राप लगेगा!" बाबा कडाडले.

"लागू दे." नलिनीने पिशवीतून मुद्दाम आणलेली चहाची गाळणी काढली आणि बाबांसमोरचं भस्म चाळलं. गाळणीत एक पांढरा तुकडा उरला, सपाट, मधोमध सरळ रेघ असलेला. तिने जिभेला लावून तोंड वाकडं केलं. "कडूजहर. बाबा, असली रेघ कुठल्या होमाच्या राखेत पडते हो?"

मग तिने सगळ्यांना समजावलं. ही सुजेवरची, दम्यावरची स्टेरॉइडची गोळी. डॉक्टर मोजून देतात. धडधाकट माणसाने खाल्ली की तोंड सुजतं, पाणी साठतं, दुखणं दबतं आणि स्नायू मात्र झिजतात. खारट प्रसादाने पाणी आणखी धरतं. काटा खरं बोलत होता. वजन कशाचं, हे मात्र आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

बाबा हिमालयात निघालो म्हणाले आणि दक्षिणेकडच्या इटारसीच्या बसमध्ये बसले.

"आता नीट ऐका," नलिनी म्हणाली. "रागाच्या भरात भस्म एकदम बंद करू नका. शरीर त्याच्यावर टेकलंय, एकदम काढलं तर जिवावर बेतेल. दवाखान्यात या, डॉक्टर हळूहळू कमी करतील."

अकरा जण दवाखान्यात गेले. प्रकाशही गेला. स्पर्धा हुकली, नोकरीची संधी गेली. तो गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपात लागला, पुन्हा माझं वरण खाऊ लागला आणि वर्षाने त्याचा दंड तेरा इंच भरला.

पाठक मात्र गेले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी भस्माची डबी नाल्यात फेकली. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर खाटेवर पडलेले. ओकाऱ्या, उठायचं त्राण नाही.

"चला, रिक्षा आणतो," मी म्हणालो.

"केशव, तीस वर्षांत खोटी सही केली नाही मी. तिथे सगळे ओळखीचे. काय सांगू त्यांना?"

"फसलो म्हणून सांगा!"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी त्यांना उचलून नेलं, तेव्हा उशीर झाला होता.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. एकवीस दिवसांत देह देणारा भेटला, तर पुडीत काय आहे ते आधी विचारा. आणि फसलात, तर लाज घरी ठेवून दवाखाना गाठा. फसण्यात कमीपणा नाही.

विश्वनाथराव पाठक १४ जून १९८१ रोजी सकाळी वारले. वय एकसष्ट.