लुगड्याचा पट्टा

माझी बायको इनेझ वारून नऊ महिने झाले होते, तेव्हा माझा हर्निया अडकला. साल २००३.

उजव्या जांघेत गाठ बारा वर्षांपासून होती. भुईगावात आमची केळीची वाडी. इनेझ म्हणायची, "ऑपरेशन करून घ्या." मी म्हणायचो, "हे घड उतरू देत." केळीचे घड वर्षभर उतरतात, हे तिलाही माहीत होतं. शेवटी मीच तिच्याकडे पट्टा मागितला. तिने आपलं जुनं लाल लुगडं फाडून शिवून दिला. गाठीवर दाबून बसेल अशी आत कापडाची गादी.

ती गेल्यावर मी वाळलो. पट्टा सैल झाला. मला शिवता येत नाही, म्हणून गादीखाली तिचा रुमाल दुमडून घातला आणि आवळून बांधला.

एका मंगळवारी गाठ लाल झाली, आत जाईना. ताप आला, ओकाऱ्या सुरू झाल्या. गोखिवऱ्याहून मुलगी आली, रिचेल. दवाखान्यात नेताना रिक्षात तिने पट्टा पाहिला.

"पप्पा, या चिंधीनेच घात केला. मम्मीने पण काय डोकं चालवलं!"

मी ऐकून घेतलं. ओकारीमुळे तोंड उघडवत नव्हतं, हेही खरं.

संपदा डॉक्टर वयाने रिचेलएवढ्याच. मी लेंगा धरून बसलो.

"काका, आतडं अडकलं असेल तर लाजायला वेळ नाही," त्या म्हणाल्या.

कमरेखाली बधिर केलं. मी जागाच होतो. पडद्यापलीकडे त्या म्हणाल्या, "अगं, हे आतडं नाही. अपेंडिक्स आहे! चांगलंच सुजलंय." मग बाहेरून आणखी दोघे बघायला आले. माझ्या लग्नातही माझ्याकडे कोणी इतकं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आल्या. "हर्नियात अपेंडिक्स क्वचितच सापडतं, त्यात सुजलेलं तर फारच क्वचित. काढून टाकलं. पू होता म्हणून हर्नियाला आधाराची जाळी बसवतात ती बसवली नाही, तुमच्याच मांसाला टाके घातले. तीन महिने वजन उचलायचं नाही."

"पट्ट्यामुळे झालं का?" मी विचारलं. रिचेल शेजारीच उभी होती. त्यांनी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं.

"सांगता येत नाही. दाबाने झालं असेल, आपोआपही झालं असेल. पण पट्टा हा इलाज नव्हे. ऑपरेशन कधीच व्हायला हवं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. रोज."

"कोणी? मम्मीने?" रिचेलने विचारलं.

"तिनेच. पट्टा मी मागितला होता. तिचं शिवायचं मन नव्हतं."

डॉक्टर गेल्या. कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवलेली पट्ट्याची पिशवी रिचेलने उचलली, पट्टा आणि रुमाल नळाखाली धुतले आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातले.

"घालायचा नाही हां."

"नाही घालत."

"आणि वाडीत घड तयार झालेत, त्यांचं काय?"

"राहू देत," मी म्हणालो.